सांध्याची कुरकुर

चार मिनिटे अकरा सेकंदांच्या त्या चित्रफितीत पहिले मिनिट संपता संपता एक आवाज आहे. मोबाइलवर तो कळत नाही. खोलीचे दार लावून, कानांना हेडफोन लावून ऐकले की जुन्या लोखंडी पेटीचे झाकण कुणी सावकाश उघडावे तशी एक बारीक कुरकुर ऐकू येते. तिच्या आधी होल्याचे घुमणे आहे, लांबून येणारी मोराची हाक आहे, वाळलेल्या सागाच्या पानांवरून काहीतरी चालत गेल्याचा आवाज आहे. हे सगळे आवाज त्या पहाटेचे आहेत. कुरकुर मात्र माझी आहे. ती ऐकू येते, बोडीच्या काठावर पाणी पिणारी चितळाची मादी मान वर करते, दोन्ही कान पुढे रोखते आणि सरळ माझ्याकडे पाहते. त्यानंतर जेमतेम एका सेकंदाने तिच्या पाठीमागे, नाल्याच्या तोंडाशी, पहिला रानकुत्रा दिसतो.

ही चित्रफीत मी कुणालाही पूर्ण आवाजासह दाखवलेली नाही.

मामांचे शेत रामटेक तालुक्यात आहे. जबलपूर रस्त्याने मनसर मागे टाकले, पुढे डावीकडे आत शिरले की हळूहळू शेते विरळ होत जातात आणि साग दाट होत जातो. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या त्या पट्ट्यात मामांच्या शेताचा उत्तरेकडचा धुरा म्हणजे माणसाच्या जमिनीची शेवटची रेघ आहे. त्या धुऱ्यावर एक जुने मोहाचे झाड आहे आणि त्याच्यावर बारा-तेरा फुटांवर जागलीचे मचाण आहे. हरभरा उभा असतो तेव्हा रानडुकरांना आणि रोह्यांना हाकलण्यासाठी तिथे रात्रभर कुणीतरी बसते. उन्हाळ्यात शेत मोकळे असते, मचाणही मोकळे असते, आणि समोरच्या बोडीत मात्र मे महिन्यातही गुडघाभर पाणी टिकते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री नागपुरातले अनेक लोक जंगलातल्या पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसायला जातात. मी गेली काही वर्षे त्या रात्री मामांच्या मचाणावर बसतो.

आदल्या वर्षी मी तिथे ट्रायपॉड नेला होता आणि रात्र वाया घालवली होती. मचाण म्हणजे फांद्यांना बांधलेले बांबू. त्यावर बसलेल्या माणसाने नुसती मांडी बदलली तरी सगळी बैठक हलते, आणि बैठकीवर उभा असलेला ट्रायपॉड तिच्यासोबत हलतो. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर आडवे दृश्य जेमतेम पाच अंशांचे मिळते, म्हणजे कॅमेरा एका अंशाने डगमगला तर चित्राचा पाचवा हिस्सा सरकतो. त्या रात्रीच्या चित्रणात एक सांबर पाणी प्यायला आले होते. ते पाहताना होडीत बसल्यासारखे वाटत होते. कॅमेरा बैठकीला नव्हे, खोडाला धरला पाहिजे, एवढी गोष्ट मला त्या सांबराने शिकवली.

खोडाला कॅमेरा धरायची युक्ती मला अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या चित्रफितींत सापडली. तिकडे हंगामात, परवाना काढून, व्हाइटटेल जातीच्या हरणांची शिकार करणारे लोक झाडाला बांधलेल्या छोट्या आसनावर तासन्‌तास एकटे बसतात आणि आपल्याच शिकारीचे चित्रण करतात. दोन्ही हात धनुष्याला लागणार असतात, म्हणून कॅमेरा एका लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या हातावर बसवलेला असतो. हा हात पट्ट्याने खोडाला आवळलेला असतो, त्याला खांदा असतो, कोपर असते, आणि बोटाने ढकलले तरी कॅमेरा हरणाच्या मागोमाग फिरतो. मला शिकारीचे काही आकर्षण नव्हते. पण त्या लोकांची शांततेविषयीची काळजी मला फार जवळची वाटली: धातूवर चिकटवलेले मऊ कापड, टेप गुंडाळलेले हुक, दाताखाली धरलेला श्वास. ते पाहताना मला माझ्या आजोबांची, आबाजींची, आठवण आली आणि आपणही असा हात बनवावा असे ठरले.

बनवायला दोन महिने लागले. दर रविवारी इतवारीतल्या लोहा ओळीत एक फेरी होई. पहिल्यांदा मी जाड लोखंडी पट्टी घेतली आणि ती आडवी बसवली. कॅमेरा आणि लेन्स मिळून अडीच किलो वजन टोकाला लागल्यावर ती मासळीसारखी झुलू लागली. वेल्डिंग करणारे गृहस्थ मला म्हणाले, "पट्टी झुलते भाऊ, पाइप नाही झुलत. चौकोनी घ्या, अन्‌ लांबी कमी करा." त्यांनी हे अनुभवाने सांगितले, पण त्यामागचे गणित मी नंतर घरी करून पाहिले आणि मला त्याचा आनंद झाला. एका बाजूने धरलेल्या दांड्याच्या टोकाला तेच वजन ठेवून लांबी दुप्पट केली तर टोक दुप्पट नव्हे, आठपट खाली येते. पोकळ नळीत लोखंड मध्यापासून दूर, कडेला असते, म्हणून ती तेवढ्याच लोखंडाच्या पट्टीपेक्षा कितीतरी ताठ राहते. म्हणून पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला, त्याचे प्रत्येकी एक फुटाचे दोन तुकडे केले. खोडाला टेकणारा भाग अँगलचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. त्याच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे मोहाची साल सोलली जाणार नाही. खिळा मारायचा नाही हे आधीच ठरले होते. आवळायला ट्रकवर माल बांधतात तो रॅचेटचा पट्टा. सर्वांत जास्त पायपीट झाली ती आटे पाडायच्या एका टॅपसाठी. कॅमेऱ्याच्या बुडाला जो स्क्रू बसतो तो पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो, आणि ज्याच्या-त्याच्या दुकानात आता मिलिमीटरची हत्यारे असतात. शेवटी एका वयस्कर लेथवाल्यांनी खणाच्या तळातून तेलकट कागदात गुंडाळलेला इंची टॅप काढला आणि एका मिनिटात काम करून दिले. पैसे घेतले नाहीत. एवढेच विचारले, "वाघाचा फोटो दाखवसान ना?"

बुडाच्या अँगलवर मी गवंड्याची छोटी पाणसळ चिकटवली, कारण बूड सरळ नसेल तर हात आपणहून उताराच्या दिशेला फिरत जातो. चमक मारायला फळ्याचा काळा रंग दिला. कोपराच्या सांध्यात नायलॉनचे वायसर टाकले. खांद्याच्या सांध्यावर मात्र सगळा भार येत होता. नायलॉन दबेल असे वाटून तिथे मी लोखंडी वायसर टाकले आणि ग्रीस भरले. घरी, दिवाणखान्याच्या खांबाला बांधून, हा हात मी शेकडो वेळा फिरवून पाहिला. तो लोण्यासारखा फिरला.

एप्रिल संपत आला होता. खिडकीत कूलर सुरू होता.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. ते सुतार होते. बैलगाडीची चाके, तिफणी, दारे-खिडक्या करत. पण त्यांच्या तरुणपणी, जंगलातले शिकारीचे ब्लॉक परवान्यावर मिळत तेव्हा, बाहेरून शिकारी आले की मचाण बांधायला आबाजींना बोलावणे येई. आमिष म्हणून बांधलेला बोदा, म्हणजे रेडा, वाघाने मारला, म्हणजेच गारा पडला, की सूर्य उतरायच्या आत, त्या गाऱ्याला हात न लावता, जवळच्या झाडावर मचाण तयार झाले पाहिजे, आणि काम करताना कुऱ्हाडीचा आवाज होता कामा नये. म्हणून लाकडे लांब जाऊन तोडायची, मापाने कापायची आणि खांद्यावरून आणायची. ओला पाला लावायचा नाही, कारण तो संध्याकाळपर्यंत मलूल होतो आणि आजूबाजूच्या पाल्यात वेगळा दिसतो. दोर पळसाच्या मुळांच्या वाखाचा. आणि प्रत्येक गाठीत, जिथे दोन लाकडे एकमेकांना टेकतात तिथे, जुन्या धोतराची चिंधी. "लाकडावर लाकूड ठेवलं का ते बोलते," असे ते म्हणत. "त्याच्या तोंडात चिंधी घालाची." मी लहान असताना जागलीचे मचाण नव्याने बांधले गेले तेव्हा हे सगळे मी पाहिले आहे. त्या वेळी आबाजींचे हात थरथरत होते, पण चिंधी घालायचे ते विसरले नाहीत.

मचाण झाल्यावर त्यांची एक परीक्षा असे. भर दुपारी, जेव्हा पाखरूही बोलत नाही, तेव्हा ते मामांना वर बसवत आणि स्वतः खाली, खोडाला पाठ लावून, डोळे मिटून बसत. मामांनी वर हवे तेव्हा हलायचे: मांडी बदलायची, हात लांब करायचा, वाकायचे. आबाजी खालून म्हणत, "हलला." मामा पुन्हा हलत. आबाजी पुन्हा म्हणत, "हलला." मग वर चढून ती एक गाठ शोधत, सोडत, बांधत, आणि पुन्हा खाली येऊन बसत. ते बोलायचे थांबेपर्यंत हे चाले. जनावर वर पाहत नाही, आवाज झाला तरच पाहते, हे त्यांचे वाक्य मामा अजून सांगतात.

वाघ मारताना त्यांनी पाहिला होता का, असे मी त्यांना एकदा विचारले होते. ते मचाणावर कधी बसलेच नाहीत. बांधून झाले की घरी येत आणि अंगणात खाटेवर पडून ऐकत राहत. रात्री कधीतरी गोळीचा आवाज आला की आपले काम नीट झाले असे समजायचे, एवढेच ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. १९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्यानंतर त्यांनी बांधलेली मचाणे फक्त हरभऱ्यासाठी होती. कायद्याबद्दल त्यांचे काय मत होते ते मला कधी कळले नाही. त्यांच्या गप्पांत वाघ कमी आणि गाठी जास्त असत, आणि लहानपणी मला त्याची थोडी निराशा वाटे. आता वाटते, त्यांना जे सांगता येत होते ते गाठींतूनच सांगता येत होते.

त्या पौर्णिमेला मी दुपारी चारलाच वर चढलो. ऊन चेहऱ्याला भाजत होते, दुपट्ट्यातून घेतलेला श्वासही गरम होता. बूड खोडाला आवळले, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला, कॅमेरा चढवला आणि मांडी बदलून पाहिली. चित्र जागचे हलले नाही. पुन्हा मुद्दाम सरकून बसलो. बैठक हलली, बांबू दबला, आणि दृश्य मात्र भिंतीवरच्या चित्रासारखे स्थिर. त्या क्षणाचे समाधान मी नाकारणार नाही. रात्र चांगली गेली. चंद्र वर आल्यावर बोडीचे पाणी कथलासारखे दिसू लागले, रातव्याची टकटक सुरू झाली, मध्यरात्रीच्या सुमारास एक अस्वल मोहाखालून फुसफुसत गेले. पण रात्रीच्या त्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याला काही टिपता येत नव्हते, त्यामुळे मी नुसता बसून होतो आणि पहाटेची वाट पाहत होतो. मला काय हवे होते हेही इथे लिहिले पाहिजे. मला शिकार हवी होती. त्या भागात रानकुत्र्यांचा कळप फिरतो आहे असे मामांनी आठवडाभर आधी सांगितले होते. हे कुत्रे, ज्यांना पुस्तकांत कोळसुंदे म्हणतात, वाघ-बिबट्यांसारखी रात्रीची नव्हे तर दिवसाची शिकार करतात, बहुधा सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे उजेड मिळणार होता. एकेकाळी सरकार रानकुत्रा मारल्याबद्दल बक्षीस देत असे. आता त्याच्या शिकारीच्या चार मिनिटांसाठी माझ्यासारखा माणूस दोन महिने लोखंड घासतो.

साडेपाचच्या सुमारास मादी आली. एकटीच होती; बाकीचा कळप मागे सागात थांबलेला असावा. मचाणापासून बोडीचा तो काठ पंचेचाळीस मीटर आहे, मी तो नंतर दोरीने मोजला. तिने बराच वेळ हवेचा वास घेतला, मग पुढचे पाय पसरले आणि तोंड पाण्याला लावले. पाण्यात तिचे प्रतिबिंब पडले होते आणि ते माझ्या चौकटीत अर्धेच येत होते. मला ते पूर्ण हवे होते. म्हणून मी हाताला एका बोटाने, अगदी सावकाश, डावीकडे ढकलले.

पुढचे मी पाहिले ते कॅमेऱ्याच्या खिडकीतूनच. तिचे वर आलेले तोंड, ओठांवरून टपकणारे पाणी, माझ्याकडे रोखलेले डोळे, संशय आल्यावर चितळ उचलते तसा उचललेला पुढचा पाय. तो पाय तिने आपटला नाही. नाल्यातून पाच कुत्रे आले, मग आणखी तीन. ते एकमेकांना शीळ घालत होते. ती पाण्यात शिरली, तीस-चाळीस पावलांत त्यांनी तिला गाठले, आणि ती जिवंत असतानाच त्यांनी खायला सुरुवात केली. माझा लोखंडी हात त्यांच्यामागे अचूक फिरत राहिला. पुन्हा कुरकुरला नाही. इतके स्थिर, इतके स्वच्छ चित्रण मी आयुष्यात केलेले नाही. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी माझे बोट फोकस जागेवर ठेवत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होऊ शकल्या, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

नागपूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती कुरकुर पहिल्यांदा ऐकली, आणि मग चौकटी मोजायला बसलो. सेकंदाला २५ चौकटी. कॅमेऱ्याचा माइक सांध्यापासून हातभर अंतरावर होता, म्हणजे त्याला आवाज लगेच मिळाला. तिच्यापर्यंत मात्र तो हवेतून जायचा होता. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे पंचेचाळीस मीटरना सेकंदाचा आठवा भाग, तीन चौकटी. कुरकुरीनंतर पाचव्या चौकटीत तिची मान हलायला लागते. एकतिसाव्या चौकटीत पहिला कुत्रा दिसतो. मधल्या सव्वीस चौकटी ती माझ्याकडे पाहते आहे आणि तिची पाठ नाल्याकडे आहे. मी आवाज केला नसता तर तिने त्या सेकंदात काय केले असते? पीत राहिली असती, तर तिला कुत्रे दिसलेच नसते. किंवा नाल्यात वाळलेले पान वाजले असते, ते तिने ऐकले असते, आणि ती उजवीकडे सागात उडी मारून गेली असती. की मान वर आली ती मुळी कुत्र्यांच्याच चाहुलीने, आणि कुरकुर त्या वेळी जुळून आली? पण मग तिने माझ्याकडे का पाहिले?

मामांना मी फोनवर विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, तिनं आयकलं त कुत्र्यायनं नसन आयकलं का? त्यायले थांबाचं असतं त थांबले असते. जनावर हाय ते, तुह्या आवाजावर चालते का जंगल?" त्यांच्या स्वरात माया होती, आणि त्यांचे म्हणणे खरेही असेल. मग ते जरा थांबून म्हणाले, "बाबानं खाली बसून आयकलं असतं तुह्या यंत्राले." बाबा म्हणजे आबाजी.

त्या संध्याकाळी मी खांद्याचा सांधा उघडला. ग्रीस उन्हाने पातळ होऊन ओघळून गेले होते, उरले होते त्यात धुऱ्यावरची माती बसली होती, आणि लोखंडी वायसरवर एक चकचकीत अर्धचंद्र घासला गेला होता. लोखंडावर लोखंड भरभर फिरवले तर आवाज होत नाही. सावकाश फिरवले तर ते अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि त्या अडकण्या-सुटण्याची थरथर म्हणजेच कुरकुर. दाराच्या बिजागरीची असते तशीच, आणि सारंगीच्या तारेवर गजाची असते तीही तशीच. म्हणजे मी जितक्या काळजीने, जितक्या हळुवारपणे कॅमेरा फिरवला, तितका तो सांधा बोलण्याची शक्यता वाढत गेली. घरी मात्र मला ते कधीच ऐकू आले नाही, कारण मी त्या दोन महिन्यांत एकदाही कूलर बंद केला नव्हता.

मी चामड्याचे वायसर कापले, जवसाच्या तेलात रात्रभर भिजवले आणि दोन लोखंडांच्या मधे घातले. मग पत्नीला ती परीक्षा सांगितली. मे महिन्यात आमच्या गल्लीत शांतता मिळणे कठीण. रात्रभर घराघरांतून कूलरची घरघर चालू असते आणि झोपेत आपल्याला ती ऐकूही येत नाही. आम्ही चार रात्री हात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधून वाट पाहिली. पाचव्या रात्री, एकच्या पुढे, लाईट गेली. गल्लीतले सगळे कूलर एकदम थांबले आणि अंगावर यावी तशी शांतता आली. तिसऱ्या घरातल्या लहान मुलाचे कुरबुरणेसुद्धा स्पष्ट ऐकू आले. आम्ही धावतच वर गेलो. ती माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, कठड्याशी बसली.

मी हात डावीकडे नेला. ती काही बोलली नाही. उजवीकडे आणला, पुन्हा डावीकडे नेला, सावकाश, त्या पहाटेपेक्षाही सावकाश. ती काही बोलली नाही. मग मी हातावरून बोट काढले आणि अंधारात तिच्या पाठीकडे पाहत तसाच उभा राहिलो.

"आत्ता हललं," ती म्हणाली.

हात हलला नव्हता. मी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला होता.

"हो," मी म्हणालो. तिने पुन्हा करायला सांगितले. मी बोट हातावर ठेवले, आणि तेवढ्यात लाईट आली, गल्लीतले कूलर एकामागोमाग एक सुरू होत गेले.